भिलाईची खाण आणि शहीद रुग्णालय

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. कायम कामगारांसाठी कंपनीची रुग्णालये होती. परंतु दल्ली-राजहरा येथे भट्टीसाठी हाताने लोहखनिज फोडणारे हजारो मजूर ठेकेदारांचे. तातडीच्या उपचारांवरही त्यांचा हक्क नव्हता.

१९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलीस गोळीबारात ११ जण ठार झाले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. गोळीबाराइतकाच हा मृत्यू बोलका मानावा लागतो, कारण डॉक्टर आणि खाटा राजहऱ्यातच होत्या.

मजुरांनी मग वर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचे रुग्णालय बांधले. गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ ‘शहीद’ हे नाव देऊन ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैवाल जाना हे डॉक्टर तेथे आले. मदतनीस मात्र मजुरांतूनच घडवले गेले. अपघात आणि अडलेली बाळंतपणे हाताळणाऱ्या याच लोकांनी वस्त्यांत जाऊन, जुलाब होताच मीठ-साखर-पाणी घरीच कसे द्यावे, हेही शिकवले.