गोणीपासून पेटीपर्यंत

मनुष्याने धान्य पिकविण्याची विद्या केव्हा हस्तगत केली ह्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु पिकलेले धान्य एका गावाहून दुसऱ्या गावी कशातून नेले, ह्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने थोडेच गेलेले दिसते. राजा कोण, सुभेदार कोण, लढाई कोठे झाली, हे आम्ही शाळेत घोकले. पण त्या राजाच्या फौजेस लागणारे मीठ कशात भरून येई, हे आम्हांस कोणी विचारले नाही. वास्तविक भांड्याचा इतिहास हा भांड्यातील वस्तूच्या इतिहासाइतकाच बोलका असतो. कोणत्याही भांड्याचे माप पाहावे आणि ते उचलणारा कोण, हे ओळखावे. बैलाच्या पाठीवरची गोणी, हमालाच्या पाठीवरचे पोते आणि आज मालगाडीवरून जाणारी लोखंडी पेटी, म्हणजे कंटेनर, ह्या तिन्हींची मापे वाहणाऱ्याच्या अंगावरूनच बेतलेली आहेत. हे दाखविण्यास आमच्या रायपूरसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल; कारण समुद्रापासून इतक्या दूर असूनही ह्या तिन्ही युगांची पावले येथे उमटलेली आहेत.

छत्तीसगडचा मुलूख भाताचा. येथे धान्याची ददात नव्हती. ददात होती ती मिठाची. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले; पुढे १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते आणि त्यांच्या पश्चात सुभ्यांची राजवट आली. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसाही नागपूरकरांकडे होता. ह्याचा अर्थ असा की, नागपूर आणि कटक ह्यांच्यामधला हा सारा प्रदेश एका धन्याचा होता. त्याच्या एका टोकास दरबार आणि दुसऱ्या टोकास मिठागरे होती. तलवारीपाठोपाठ लेखणी आली, आणि आज ज्यांची आडनावे मराठी व घरची बोली अर्धी छत्तीसगढी अशी जी जुनी कुटुंबे ह्या भागात आढळतात, त्यांतील कित्येकांचे पूर्वज ह्याच काळात दप्तरे बांधून इकडे आले. परंतु फौज आणि दप्तर ह्या दोहोंस जगविणारा तिसरा एक वर्ग होता. तो म्हणजे बंजाऱ्यांचा.

बंजाऱ्यांच्या तांड्याचे वर्णन करताना आमच्या लेखकांची दृष्टी बहुधा स्त्रियांच्या आरशांच्या चोळ्यांवर आणि हस्तिदंती चुड्यांवर खिळून राहते. आम्हांस त्यांच्या गोणीकडे पाहावेसे वाटते. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस समतोल लोंबणारी ती जाड विणीची दुतोंडी पिशवी हे दळणवळणाच्या शास्त्रातील एक पूर्ण विचारान्ती सिद्ध झालेले साधन होते. तीत साधारणपणे अडीच ते तीन मण माल मावे. अधिक घालावा तर बैल बसे, कमी घालावा तर नायकाचा तोटा होई. रात्री तळ पडला की सर्व गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचावयाची आणि पहाटे त्या पुन्हा लादावयाच्या. म्हणजे दिवसभरात चार-पाच कोसांची मजल मारण्यासाठी प्रत्येक गोणीस मनुष्याचे हात दोनदा लागत. समुद्रकाठचे मीठ रायपूरच्या बाजारात इतके महाग का पडे, ह्याचे उत्तर अंतरात नाही. ते ह्या चढउतारीत आहे. इंग्रजी भाषेने तागाच्या पोत्यास जो शब्द घेतला तो आमच्या ह्या गोणीवरूनच घेतला, ही गोष्टही येथे नमूद करण्यासारखी आहे.

१८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. मधली काही वर्षे भोसल्यांकडे परत जाऊन १८५४ मध्ये हा मुलूख कायमचा इंग्रजांकडे गेला. ज्या रस्त्यास रायपूरकर आजही जी. ई. रोड म्हणतात, तो ग्रेट ईस्टर्न रोड त्यांच्याच राजवटीत बांधला गेला. तथापि प्रवास बैलाच्याच चालीने होत होता. १८७७ साली बालवयातील नरेन्द्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, कुटुंबासह रायपुरास वडिलांकडे आले, तेव्हा आगगाडी नागपुरापर्यंतच होती. पुढील अरण्यमार्ग त्यांस बैलगाडीने कंठावा लागला.

पुढे नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली आणि १८८२ च्या सुमारास राजनांदगावपर्यंत पोहोचली. ही गाडी मीटर गेजची, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची होती. नागपुरास मुंबईकडून येणारी गाडी मात्र साडेपाच फुटांच्या रुळांवरून धावत होती. परिणामी छत्तीसगडचा तांदूळ नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. वाफेचे यंत्र बैलाच्या कित्येक पट वेगाने धावले खरे. पण नागपूरच्या धक्क्यावर ते बंजाऱ्याच्या तळाप्रमाणेच थांबले आणि तेथे पोत्यास पुन्हा हमालाची पाठ शोधावी लागली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग आपल्याकडे घेऊन रुंद केला. १८८८ साली रायपुरास गाडी आली आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग सलग सुरू झाला. तोच १९०० साली रायपूर-धमतरी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी निघाली आणि नागपूरचा धक्का जणू रायपुरास आला! १९३१ साली रायपूर-विजयनगरम् मार्ग पुरा झाला, १९३३ मध्ये विशाखापट्टणचे बंदर खुले झाले आणि जो समुद्र भोसल्यांच्या काळी महिन्यांच्या वाटेवर होता तो दिवसांच्या वाटेवर आला.

ह्या प्रगतीचे पोवाडे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. रेल्वेने बंजाऱ्याच्या पाठीवरचे ओझे उतरविले, त्याबरोबर त्याच्या ताटातील भाकरीही उतरली. ज्याचा धंदाच फिरण्याचा, तो धंदा गेल्यावरही फिरत राहिला. आणि सरकारने त्याच्या फिरण्याचाच संशय घेतला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा बडगा देशाच्या काही भागांत ह्या लोकांवरही पडला. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. दळणवळणाचे साधन बदलते तेव्हा मालाचा भाव बदलतो हे सर्वांस दिसते. माणसाचा भावही बदलतो, हे उशिरा ध्यानात येते.

आता पेटीकडे वळू. जी अडचण नागपूरच्या धक्क्यावर होती तीच जगातील प्रत्येक बंदरात होती. मोटारीतून आलेला माल उतरवावयाचा, गोदीत रचावयाचा, जहाजाच्या पोटात नगानगाने भरावयाचा आणि पैलतीरी हीच क्रिया उलट करावयाची. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन नावाच्या मालमोटारींच्या धंद्यातील गृहस्थाने ह्यावर सुचविलेला उपाय इतका सरळ होता की, तो आधी कोणास कसा सुचला नाही ह्याचे नवल वाटावे. माल हलवू नये; मालासकट पेटीच हलवावी. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. तेव्हा नगानगाने माल चढविण्यास टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. पेटीने तो १६ सेंटांच्या आत आला. कीथ टँटलिंगर ह्या अभियंत्याने पेटीच्या कोपऱ्यांस जे लोखंडी सांधे बसविले, त्यांच्या आधारे पेटी उचलता येते, मोटारीवर अडकविता येते आणि एकीवर एक रचता येते. मॅक्लीनने ह्या सांध्यांचे एकस्व पुढे सर्वांस खुले केले आणि १९६८ पासून पेट्यांची मापे जगभर एक झाली. नागपूरच्या धक्क्यावर रुळांची मापे जुळली नाहीत म्हणून जे रखडले होते, ते येथे पेटीचे माप जुळले म्हणून सुटले.

भारतीय रेल्वेने १९६६ मध्येच देशांतर्गत मालासाठी पेट्या वापरून पाहिल्या. समुद्रपारची पेटी १९७३ साली कोचीन बंदरात उतरली. १९८१ मध्ये बंगलोरास पहिले अंतर्देशीय आगार झाले. १९८८ साली भारतीय कंटेनर निगम स्थापन झाले आणि त्याचे जाळे यथाकाल रायपूरपर्यंत आले. आज नव्या रायपुरातील त्याच्या आवारात रांगेने रचलेल्या पेट्या पाहिल्या म्हणजे आमच्या मनात एक हिशेब सुरू होतो. वीस फुटी पेटीत पन्नास किलोंची पाचशे पोती, म्हणजे पंचवीस टन तांदूळ जातो. बंजाऱ्याच्या मापाने हा दोनशेहून अधिक बैलांचा तांडा झाला. तो सारा तांडा आता एका कुलुपात मावतो! मात्र ती पाचशे पोती पेटीत रचण्यास गिरणीच्या दारात अजूनही हमालाचीच पाठ लागते. पेटीने मधले सर्व हात काढून टाकले. पहिले आणि शेवटचे हात तिला काढता आलेले नाहीत.

हा सर्व इतिहास उकरण्यास आम्हांस एक निमित्त घडले. आमचा ज्या मराठी वाचनालयाशी संबंध आहे त्याच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आणि ग्रंथ ठेवण्यासाठी एक जुनी पेटी विकत घ्यावी, असा ठराव झाला. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. तेव्हा कागद पाहण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. पेट्यांशी आमचा आजवरचा परिचय बदलीच्या नियमांपुरताच. त्या नियमांत चौथ्या स्तरापर्यंतच्या नोकरास दीड हजार किलो सामान नेता येते आणि ‘कंटेनर’ हा शब्द सहाव्या स्तरापासून पुढे येतो! जो मान नोकरीत मिळाला नाही तो वाचनालयाने दिला, म्हणून आम्ही कसून चौकशी केली. तिचे सार इतरांस उपयोगी पडावे म्हणून येथे देतो.

प्रथम कागद. परदेशी व्यापारात फिरणारी पेटी आपल्या देशात जकात न भरता येते ती सहा महिन्यांत परत जाण्याच्या बोलीवर. म्हणून अशी पेटी येथे कायमची विकावयाची तर जकात भरल्याचा दाखला विक्रेत्याने दाखविला पाहिजे. मग दारावरची पट्टी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक पेटीवर तिचे जन्मवर्ष, कमाल वजन आणि रचण्याची ताकद कोरलेली असते. पेटी पुन्हा जहाजावर चढवावयाची तर ही पट्टी आणि तिच्यावरील तपासणी चालू हवी. नुसती साठवण करावयाची तर पाणी व वारा आत न येणे पुरेसे. त्यासाठी आत उभे राहून दारे बाहेरून लावून घ्यावीत आणि अंधारात छताकडे पाहावे; सुईएवढे भोक असले तरी ते ताऱ्यासारखे चमकते. दारांची रबरे दाबून पाहावीत, खालच्या आडव्या पट्ट्यांवरील गंज पाहावा, छतावर पाणी साचेल असा खोलगटपणा नाही ना, हे पाहावे. तळाच्या लाकडास कीटकनाशक पाजलेले असते, तेव्हा ग्रंथ किंवा धान्य थेट त्यावर ठेवू नये. पेटीचा सारा भार चार कोपऱ्यांवर असतो. ते चारही एका पातळीवर टेकले नाहीत तर दारे लागत नाहीत. आणि रायपूरच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू बाहेरचा पाऊस नव्हे, तर आतला. दिवसा तापलेले लोखंड रात्री निवते आणि आतल्या हवेतील ओल छतावरून थेंबाथेंबाने खाली गळते.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर समितीत बराच वाद झाला. रेल्वेच्या मालधक्क्यावर हयात घालविलेले एक वयोवृद्ध सभासद शेवटी म्हणाले, “अहो, पेटीत किती मावते हे सगळे विचारतात, ती उघडणार किती वेळा, हे कोणी विचारीत नाही.” त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ सर्वांस पटला. पेटी घेतली ती दिवाळीनंतर आणि पहिल्या पावसाआधी ग्रंथ बाहेर काढण्याच्या स्पष्ट ठरावासह. ग्रंथ भरावयाचे ते एका माणसाने उचलावे एवढ्याच खोक्यांतून आणि प्रत्येक खोक्यावर यादी डकवून, हेही ठरले.

ह्यात आम्हांस इतिहासाचाच निवाडा दिसतो. गोणी रोज सायंकाळी उतरे आणि पहाटे पुन्हा पाठीवर चढे. पोते बाजारात सुटे. जहाजावरची पेटीही पैलतीरी कोणी उघडील ह्या भरवशावरच बंद होते. वाहून नेण्याचे भांडे हे उघडण्यासाठीच असते. परप्रांती राहणाऱ्या भाषेचे ग्रंथ हाही एक प्रकारे दूरवर आलेला मालच आहे, आणि तो ज्यांनी इकडे वाहून आणला ते हात आता फारसे उरलेले नाहीत. लोखंडाची पेटी त्यास वाळवीपासून व चोरापासून राखील. परंतु तिचे दार उघडून पहिले खोके उचलण्यासाठी जी पाठ वाकावी लागते, ती कोणत्याही आगारात विकत मिळत नाही.