रस्त्याकडेची बादली आणि एका जिल्ह्याचा इतिहास

कानात इअरफोन आणि हातात फोन असेलच. आजची गोष्ट त्याच फोनमधल्या जीपीएसची.

मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आधी शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र आता दहा-वीस मीटरवर आलं. लगेच 3 मेला डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात, क्लॅकमस काउंटीतल्या बीव्हरक्रीकजवळ रस्त्याकडेला एक काळी बादली अर्धवट पुरली. आत पुस्तकं, गलोल, बीन्सचा डबा. अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि तीन दिवसांत बादली सापडलीसुद्धा! जिओकॅशिंग सुरू झालं ते इथून. आज तिथे स्मृतिफलक आहे.

पुढे हा खेळ इतिहासाच्या कामाला आला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अमेरिकेत अनेक ठिकाणी रस्त्यालगतच्या ऐतिहासिक पाट्यांजवळ असे डबे लपवतात. पाटीवरचं साल वाचायचं, त्यातले आकडे कोड्यात भरायचे, मग पुढची जागा कळते. पाटी वाचल्याशिवाय डबा नाही!

आता याच क्लॅकमस काउंटीत काय वाचायला मिळतं बघा. 1846 मध्ये इथे बार्लो रोड सुरू झाला. पश्चिमेला वसायला निघालेल्यांसाठी माउंट हूड पर्वताला वळसा घालणारा रस्ता. आणि हो, टोल होताच! गाडीमागे 5 डॉलर, जनावरामागे 10 सेंट. लॉरेल हिलचा उतार इतका उभा, की दोर झाडांना गुंडाळून गाड्या हळूहळू खाली सोडाव्या लागत. आजच्या हायवे 26 वरून गाडीने जाताना हे कळतही नाही. थांबून पाटी वाचली तरच कळतं.

पण थांबा. काउंटीला नाव ज्यांचं, ते क्लॅकमस लोक कुठे गेले? विलामेट धबधब्याच्या परिसरात ते मासे धरून जगत. 1855 च्या करारात त्यांची जमीन गेली आणि पुढच्या वर्षी त्यांना इतर जमातींबरोबर ग्रँड रोन्ड इथे हलवलं. वसाहतवाल्यांचा रस्ता संपत होता तिथूनच यांची वाट सुरू झाली, घरापासून दूर जाणारी. 2019 मध्ये ग्रँड रोन्डच्या लोकांनी धबधब्याजवळची बंद पडलेली कागद गिरणी विकत घेतली. म्हणजे आपल्याच नदीकाठची जागा पैसे मोजून परत मिळवली.

म्हणून मला हा खेळ आवडतो, आणि थोडी भीतीही वाटते. पाटीवर जे आहे तेवढंच कोड्यात येतं. जे पाटीवर नाही, ते शोधायला कुणी थांबतच नाही. डबा कुठे ठेवायचा हे ठरवणारा माणूस इतिहासातलं काय दिसेल हेही ठरवत असतो.

तुमच्या गावाच्या वेशीवर असा एक डबा ठेवायचा झाला, तर तुम्ही कुणाची गोष्ट निवडाल? विचार करा. भेटूया पुढच्या भागात!