मदेइराची सनद आणि गोव्याचा बिशप

गोव्याचे बिशपपीठ पोप तिसऱ्या पॉलच्या ३ नोव्हेंबर १५३४ च्या फर्मानाने उभे राहिले. ते ज्याच्या हाताखाली ठेवले तो आर्चबिशप लिस्बनचा नव्हता. तो होता अटलांटिकातल्या मदेइरा बेटावरच्या फुंशालचा. मांडवीकाठच्या चर्चचा वरिष्ठ इतक्या दूरच्या बेटावर का, याचे उत्तर शंभर वर्षे आधीच्या दोन सनदांत आहे.

मदेइरावर वस्ती १४२० च्या सुमारास सुरू झाली. २६ सप्टेंबर १४३३ रोजी राजा दुआर्तने हे बेट, शेजारच्या पोर्तो सांतोसह, आपला भाऊ एन्रिक याला हयातीपुरते दिले. नाणी पाडण्याचा हक्क आणि देहान्ताच्या किंवा अवयव तोडण्याच्या शिक्षेचा निवाडा राजाने स्वतःकडे राखला. त्याच दिवशी दुसऱ्या सनदेने बेटाचा धार्मिक अधिकार ऑर्डर ऑफ क्राइस्ट या लढवय्या धर्मसंघाला दिला. या संघाचा कारभारी कोण? तोच एन्रिक! महसूल एका नात्याने, चर्चचा दशांश दुसऱ्या नात्याने, माणूस एकच. वतन-इनामाचे कागद चाळणाऱ्याला हा प्रकार फारसा परका वाटू नये.

चर्चचा अधिकार वाटणे मात्र राजाच्या हातातले नव्हते. पोपची मोहोर हवी होती. ती १४५६ मध्ये तिसऱ्या कॅलिक्स्टसने उठवली आणि बोजादोर भूशिरापासून थेट ‘इंडीज’पर्यंतचा मुलूख संघाच्या तोमार येथील मठप्रमुखाखाली घातला. तोमार हे पोर्तुगालच्या अंतर्भागातले गाव. बेटावरचे पाद्री तिथून नेमले जात. बेटाला स्वतःचा बिशप नव्हताच.

पाद्रोआद म्हणजे पोपने राजाला दिलेली देणगी, असे आपल्याकडे सहज लिहिले जाते. माझ्या मते ती आधी एका बेटावरची घरगुती सोय होती. हक्काचे रूप तिला नंतर आले. १४९५ मध्ये या संघाचाच प्रमुख मान्युएल राजा झाला आणि दोन्ही नाती राजवाड्यात आली. १५१४ मध्ये फुंशालला बिशप मिळाला, तोही तोमारचाच अधिकारी दियोगो पिन्हेरो. त्याने बेटावर कधी पाऊलच ठेवले नाही. १५३३ मध्ये फुंशाल आर्चबिशपपीठ झाले आणि पाठोपाठ गोवा त्याच्या पदरी पडला.

१५५८ मध्ये गोव्याला स्वतःचा आर्चबिशप मिळाला. नेमणुकीचा हक्क मात्र पोर्तुगालच्या राजाकडेच राहिला. मुंबई इंग्रजांकडे जाऊन शतके लोटली, तरी तिथल्या चर्चांवर पाद्री लिस्बनचा की रोमचा, हे भांडण चालूच होते. तिथला दुहेरी अंमल संपायला १९२८ साल उजाडले.