क्रीडामाध्यमांचा मानसिक प्रभाव

क्रीडामाध्यमांचा मानसिक प्रभाव : वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे यांतील क्रीडावार्तांकनाचा खेळाडू आणि चाहते यांच्या मनावर होणारा परिणाम. खेळाडूच्या बाबतीत तो मुख्यतः अपेक्षांच्या दडपणातून, तर चाहत्याच्या बाबतीत संघाशी असलेल्या एकरूपतेतून दिसतो.

सचिन तेंडुलकरचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक हे अशा दडपणाचे ठळक उदाहरण. नव्व्याण्णवावे शतक 12 मार्च 2011 रोजी विश्वचषक स्पर्धेत, नागपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाले. तेव्हा सगळ्यांचे लक्ष चषकाकडे होते. तो जिंकल्यावर मात्र ‘महाशतका’ची वाट पाहणे हीच बातमी झाली. ओव्हलवर 91, वानखेडेवर 94. एरवी ज्यांचे कौतुक झाले असते, त्या खेळ्या हुकलेल्या शतकाच्या खात्यात गेल्या. खरे तर कसोटी आणि एकदिवसीय शतकांची ही बेरीज सामन्याच्या निकालात कुठेच धरली जात नाही. तिचे ओझे वाढवले ते वार्तांकनाने. अखेर 16 मार्च 2012 रोजी मीरपूरला तेंडुलकरने 114 धावा केल्या. तो सामना बांगलादेशने पाच गडी राखून जिंकला, हे आज किती जणांना आठवते?

पत्रकारांना सामोरे जाणे हाही ताणाचा भाग असतो. 2021च्या फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेत नाओमी ओसाकाने मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन पत्रकार परिषद टाळली. तिला 15,000 डॉलर दंड झाला. पुढे स्पर्धेतून माघार घेताना, 2018पासून आपल्याला नैराश्याने अनेकदा ग्रासल्याचे तिने जाहीर केले.

चाहत्यांच्या मनाचा मासलेवाईक अभ्यास मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकी विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की त्याचे नाव-चिन्ह असलेले कपडे अधिक घालत. विजयाबद्दल बोलताना ‘आपण’, पराभवाबद्दल बोलताना ‘ते’ म्हणण्याकडे त्यांचा कल असे. आपल्याकडचे क्रिकेटशौकीन याला अपवाद नाहीत. 2007च्या विश्वचषकात बांगलादेशकडून भारत हरल्यावर महेंद्रसिंग धोनीच्या रांचीतील बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला.

चाहत्यांचा रोष तितक्याच लवकर पालटतोही. रोहित शर्माच्या जागी मुंबई इंडियन्सचा कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याची एप्रिल 2024मध्ये वानखेडेवर हुर्यो उडवली गेली. त्यापूर्वी कित्येक आठवडे समाजमाध्यमांवर त्याच्याविरुद्ध मोहीमच चालू होती. जूनमध्ये टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याने टाकले, भारत जिंकला, आणि 4 जुलै रोजी त्याच वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला.