‘एक हिटलर पाहिजे’ म्हणणाऱ्या मामांसाठी

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही दहा-बाराजण गांधीनगरला गेलो होतो. बायकांचं साड्या बघणं चाललेलं, आम्ही पुरुषमंडळी गादीच्या कडेला चहा पीत बसलेलो. बाहेर कुणीतरी उलट्या बाजूनं टेम्पो घातला आणि सगळा रस्ता तुंबला. मामा वैतागून म्हणाले, “या देशाला एक हिटलरच पाहिजे. चार दिवसांत सरळ होतील सगळे.”

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! पारावर, एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा. फूटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र मराठीत सहज मिळतं. २००६ साली नवी मुंबईत एका हॉटेलला त्याचं नाव दिलं होतं. मुंबईतल्या ज्यू लोकांनी विरोध केला, तेव्हा कुठं ते बदललं. हे करणारी माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. त्यांना हिटलर म्हणजे कडक शिस्तीचा हेडमास्तर वाटतो, एवढंच.

पण त्या दिवशी घरी आल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं. कारण आम्ही ते बोललो ती जागा. आजचं गांधीनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या आधी तिथं वळिवड्याचा कॅम्प होता. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यातही बहुतेक बायका आणि मुलं, तिथं राहिली. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन या दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. स्टॅलिनच्या वाट्याला आलेल्या भागातून ही माणसं सैबेरियाकडं हाकलली गेली आणि इराणमार्गे फिरत फिरत आपल्या दारात आली. दोन ‘कडक’ माणसांच्या कारभारामुळं बेघर झालेल्यांच्या जागेवर बसून आम्ही तिसरा मागत होतो!

इथं एक गल्लत होऊ देऊ नका. वळिवड्याचे पोलिश लोक बहुतांशी कॅथलिक होते, हिटलरच्या छळछावणीतून आलेले नव्हते. पण त्यांनी एक गोष्ट केली ती लक्षात ठेवण्यासारखी. पुढं जगभर विखुरल्यावर त्यांनी आपला संघ काढला, आठवणींचं पुस्तक केलं, महावीर गार्डनमध्ये स्तंभ उभारला. २०१९ मध्ये त्यांच्यातले काही जण म्हातारपणी पुन्हा कोल्हापुरात आले, सोबत घरची मंडळीही होती. आपण पेपरात फोटो पाहिले आणि विसरलो.

मग मी वाचायला लागलो की जे खरोखर हिटलरच्या छावण्यांतून वाचले, त्यांची मुलं-नातवंडं आज काय करतात. त्यातली एक हकिकत सांगतो.

१९४५ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारनं छळछावण्यांतून वाचलेल्या, सोळा वर्षांखालच्या १,००० अनाथ मुलांना इंग्लंडमध्ये यायची परवानगी दिली. अट अशी की खर्च सरकारवर पडणार नाही. तो तिथल्या ज्यू मदत संस्थेनं उचलला. मुलं शोधायला सुरुवात झाली आणि शेवटी आली किती? ७३२. नाझींनी साधारण ६० लाख ज्यू मारले, त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. म्हणूनच एवढ्याशा यादीतल्या हजार जागासुद्धा भरल्या नाहीत.

पहिली ३०० च्या आसपास मुलं ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागहून बॉम्बफेकी विमानांत बसून उत्तर इंग्लंडला उतरली आणि विंडरमिअर तलावाकाठच्या कामगार वसाहतीत राहिली. प्रत्येकाला स्वतंत्र पलंग, स्वच्छ चादर, पांढरा पाव. अन्न भरपूर आहे हे कळूनही मुलं पावाचे तुकडे लपवून ठेवत होती. उद्याचा भरवसा कुणाला होता?

त्यात पंधरा वर्षांचा बेन हेल्फगॉट होता. पोलंडमधल्या पिओत्रकूव गावचा. नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधला पहिला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, याच गावात झाला. आई आणि धाकटी बहीण १९४२ मध्ये गोळ्या घालून मारल्या गेल्या. वडील युद्ध संपायच्या अगदी काही दिवस आधी मारले गेले. वाचले फक्त बेन आणि त्याची एक बहीण. हाच पोरगा पुढं वेटलिफ्टर झाला आणि १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या वेटलिफ्टिंग संघाचा कॅप्टन होता. २०२३ मध्ये ते वारले.

या ७३२ जणांना इंग्लंडमध्ये ‘द बॉईज’ म्हणतात. मुली होत्या, पण थोड्या. आई-बाप नाहीत, काका-मामा नाहीत, म्हणून ही मुलं एकमेकांचीच भावकी झाली. लंडनमध्ये त्यांचा क्लब निघाला. १९६३ मध्ये त्यांनी ‘४५ एड सोसायटी’ नावाची संस्था काढली आणि हेल्फगॉट कित्येक वर्षं तिचे अध्यक्ष होते. अडचणीतल्या सोबत्याला मदत करायची, समाजालाही काही द्यायचं आणि दरवर्षी एकत्र जेवायचं, असं साधं काम. आपल्याकडं गाववाल्यांची मुंबई-पुण्यात मंडळं असतात तसंच. फरक एवढाच की यांचं गाव उरलेलंच नव्हतं.

आता मुलांचं बघू. वाचलेल्या बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं घरात तोंड उघडलं नाही. काहींना सांगवेना, काहींना वाटलं पोरांना कशाला हे ओझं. मुलांना एवढंच दिसायचं की शेजारच्या पोराला आजी आहे, आत्या आहे, आपल्याला कुणीच नाही. पान्हेरी पाव फेकला तर वडील का चिडतात, रात्री का ओरडतात, हे विचारायची सोय नव्हती. अशा घरात वाढलेल्या हेलन एपस्टाईन यांनी १९७९ मध्ये या मुलांवरच पुस्तक लिहिलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की असे आपण एकटे नाही.

म्हणजे या पिढीच्या हातात आठवणी नव्हत्याच. होती ती शांतता, एखादा फोटो, अर्धवट ऐकलेली नावं. त्यातून त्यांनी काय केलं, तर वाकळ शिवली.

खरंच शिवली. मुक्ततेला ७० वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, ‘बॉईज’च्या कुटुंबांनी आठवणींच्या मोठ्या वाकळी तयार केल्या. एका माणसाचा एक चौकोन. तो त्याच्या मुलांनी, नातवंडांनी करायचा. आता विचार करा, चौकोन करायचा म्हणजे आधी विचारावं लागतं. बाबा, तुमचं घर कुठं होतं? आजीचं नाव काय? घरी धंदा काय होता? जे प्रश्न जेवणाच्या टेबलावर पन्नास वर्षं निघाले नाहीत, त्यांना हातात सुई आल्यावर वाट मिळते. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या तेव्हा चार बायका जमायच्या आणि टाक्यागणिक गोष्टी निघायच्या. तेच हे.

आज त्या संस्थेचं काम दुसरी आणि तिसरी पिढी बघते. ब्रिटनमध्येच ‘जनरेशन टू जनरेशन’ नावाची संस्था अशा वारसांना शाळांत जाऊन घरची हकिकत सांगायला तयार करते. यात मला आवडलं ते असं की, ‘मी हे भोगलं’ असा आव वारसांना आणता येत नाही. आई-वडिलांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकवायचं, कागदपत्रं दाखवायची आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. कारण एक तारीख चुकली तरी ‘हे सगळं खोटंच आहे’ म्हणणारे टपून बसलेले असतात.

जर्मनीतलं उदाहरण तर रस्त्यावरचंच आहे. गुंटर डेम्निग या कलाकारानं १९९२ मध्ये कलोन शहरात फुटपाथवर एक छोटा पितळी चौकोन बसवला. हातभर नाही, वीतभरही नाही, १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर. आज असे एक लाखाहून जास्त दगड युरोपभर आहेत. माणूस जिथं शेवटचा स्वखुशीनं राहत होता त्या दारासमोर दगड बसतो. त्यावर ‘इथं राहत होते’ असं लिहून नाव, जन्मसाल आणि पुढं काय झालं ते कोरलेलं असतं. बसवताना कुठून कुठून वारस येतात. शाळेची पोरं दप्तरातली जुनी कागदपत्रं धुंडाळतात. दरवर्षी ९ नोव्हेंबरला आणि २७ जानेवारीला आजचे शेजारी गुडघ्यावर बसून ते पितळ घासून लख्ख करतात.

यावरही सगळ्यांचं एकमत नाही बरं का. म्युनिक शहरानं सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोटे क्नोब्लोख, ज्या लहानपणी एका कॅथलिक बाईच्या आसऱ्यानं वाचल्या, त्यांचं म्हणणं की मेलेल्यांची नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत. काही वारसांना मात्र दगडच हवे होते. शेवटी तिथं भिंतीवर आणि खांबावर पाट्या लागल्या. मला दोन्ही बाजू पटतात. वाद झाला, पण नाव लागलं पाहिजे यावर दोघंही ठाम.

नावावरच एवढा भर का? कारण ६० लाख हा आकडा ऐकून माणूस जांभई देतो. म्हणून जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनं १९५० च्या दशकापासून नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून एकेका मृताचा फॉर्म भरून घेतला. आज तिथं जवळपास ५० लाख नावं जमलीत. उरलेल्यांची नावं सांगायलाही कुणी वाचलं नाही.

कमेंटमध्ये गाझाचा विषय निघणार, मला ठाऊक आहे. निघू दे, निघायलाच पाहिजे. या वारसांमध्येही त्यावर टोकाचे मतभेद आहेत. ‘पुन्हा कधीच नाही’ याचा अर्थ कुणी ‘आमच्यावर पुन्हा नाही’ असा लावतो, कुणी ‘कुणावरच नाही’ असा. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. पण तो वाद घालण्यासाठीसुद्धा आधी काय घडलं ते नीट माहीत असावं लागतं.

मामांना मी फोन केला. भांडलो नाही. विंडरमिअरची आणि वाकळीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, आमचा आजा वळिवड्याला कॅम्पात दूध घालायला जायचा म्हणे. गोऱ्या बायका पैसे मोजून द्यायच्या आणि वर दोन शब्द मराठीत बोलायच्या.” चाळीस वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. तीही फोनवर, तीही हिटलरमुळं.

पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडं जाणार आहे. आजोबांचं नाव, गल्ली, साल, आठवेल तेवढं लिहून घेणार. मामा आता ७६ वर्षांचे आहेत.

वळिवडे, गांधीनगर, उचगाव, चिंचवाड भागातल्या मित्रांनो, तुमच्या घरात त्या कॅम्पची किंवा फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची काही आठवण असेल तर खाली लिहा. नाव, गाव, साल माहीत असेल तर बरं. नसेल तर तसं स्पष्ट लिहा, भर घालू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस अजून बोलतंय तोवर आजच विचारा.