दीड आणि पंचेचाळीस मेगाबिटच्या मधले राउटर

तीन-चार लीज्ड लाइन एकत्र बांधून इंटरनेट घ्यायचे तर त्यांच्या तोंडाशी राउटर कोणता बसवायचा, हा प्रश्न १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे अमेरिकेतल्या मध्यम कंपन्यांना, महाविद्यालयांना आणि छोट्या इंटरनेट पुरवठादारांना पडत असे. प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो, पण त्याचे निम्मे उत्तर टेलिफोनवाल्यांनी आधीच देऊन ठेवले होते. बेल सिस्टिमने १९६२ साली टी१ सेवेत आणली ती दोन एक्स्चेंजांमधल्या जुन्या तांब्याच्या केबलवरून २४ संभाषणे एकदम नेण्यासाठी. प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, नमुन्याचे ८ बिट, आणि २४ नमुन्यांच्या दर फेरीमागे एक जादा बिट; बेरीज १.५४४ मेगाबिट. त्या केबलींवर साधारण ६,००० फुटांवर मॅनहोलमध्ये लोडिंग कॉइल असत. त्या काढून तिथेच रिपीटर बसवायचे, म्हणजे तेवढ्या अंतरात सिग्नल टिकायला हवा, हेही त्या हिशेबात धरलेले होते. ग्राहकाला मिळणारी वरची पायरी टी३, म्हणजे २८ टी१ मिळून ४४.७३६ मेगाबिट. युरोपातली आणि भारतातली शिडी वेगळी, ई१ २.०४८ आणि ई३ ३४.३६८ मेगाबिटची, आपल्या ऑफिसांतली ३० चॅनेलची पीआरआय येते ती ई१वरच. पण पायऱ्यांमधली दरी दोन्हीकडे सारखीच.

माझे म्हणणे असे, की लाइन बांधण्याची ही सगळी पद्धत त्या दरीतून जन्मली आणि राउटरची निवडही त्या दरीनेच घडवली. यावर कोणी म्हणेल, की टी३चा काही भाग तेवढ्याच पैशात विकणाऱ्या कंपन्याही होत्या. होत्या, पण भाग घेतला तरी दारापर्यंत यायची ती अख्खी टी३च, आणि त्या शेवटच्या टप्प्याचे भाडे काही भागात मोजले जात नसे. सहा मेगाबिट हवे असलेल्याला चार टी१ घेणेच परवडे. दुसरा आक्षेप असा, की लाइन जोडण्याचे काम वेगळ्या इनव्हर्स मल्टिप्लेक्सरवर सोपवता येत होते. तेही खरे, पण मग विकत घ्यायला आणि बिघडायला आणखी एक पेटी आली, आणि तिच्या जोडीची पेटी पुरवठादाराकडेही हवी. म्हणून काम आले राउटरच्या गळ्यात.

राउटरने लाइन जोडायच्या पद्धतीचे, म्हणजे मल्टिलिंक पीपीपीचे, प्रमाणक १९९४ साली आले आणि १९९६मध्ये सुधारून पुन्हा निघाले. मूळ गरज आयएसडीएनच्या ६४ किलोबिटच्या दोन चॅनेलांना जोडण्याची. पॅकेटचे तुकडे करायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, वेगवेगळ्या लाइनवर सोडायचे आणि पलीकडे पुन्हा सांधायचे. चारपैकी एक लाइन लांबच्या रस्त्याने गेली, की बाकीचे तुकडे तिची वाट पाहत मेमरीत बसून राहतात. शिवाय सगळ्या लाइन पलीकडच्याही एकाच राउटरवर उतराव्या लागतात, म्हणजे दोन वेगळ्या पुरवठादारांच्या लाइन अशा बांधता येत नाहीत. सिस्कोच्या २५०१ राउटरला दोन सीरियल पोर्ट होते. दोन टी१ लावायचा मोह त्याला पाहूनच व्हावा. पण हा राउटर वेगवान मार्गाने सेकंदाला सुमारे ४,४०० पॅकेट पुढे ढकले, आणि प्रत्येक पॅकेट प्रोसेसरलाच हाताळावे लागले तर जेमतेम ८००. पॅकेट ६४ बाइटचे धरा : ४,४०० म्हणजे सव्वादोन मेगाबिट. टी१ एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहते, तेव्हा भरलेल्या दोन लाइनचा बोजा सहा मेगाबिटच्या वर जातो. आणि पॅकेट १,५०० बाइटचे धरले, तर तेच कसेबसे ८०० साडेनऊ मेगाबिट होतात! म्हणजे हा राउटर दोन लाइनना पुरतो म्हणणाराही खोटा नव्हता आणि नाही पुरत म्हणणाराही.

लोक सिस्को घेत कारण त्यांच्या माणसांना तेच चालवता येई, खरी तांत्रिक निवड झालीच नाही, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण नाममुद्रेने मॉडेल ठरत नाही. त्याच कंपनीची १९९८ची २६०० मालिका घेणाऱ्याला मागच्या बाजूचे स्लॉट मोजावेच लागत : छोट्या कार्डांचे दोन, त्यांत दोन-दोन पोर्टची टी१ कार्डे, म्हणजे चार लाइन. पाचवी लाइन लागेल असे वाटले तर मोठ्या स्लॉटचा किंवा थेट ३६०० मालिकेचा विचार. ही मोजणी टी१च्या पटीतच चाले.

पुढे २००४ साली ८०२.३एएच हे इथरनेटचे प्रमाणक आले आणि तांब्याच्या जोड्या बांधण्याचे काम टेलिफोन कंपनीच्या उपकरणात गेले. फायबरवर तर दहा, वीस, पन्नास मेगाबिट एकाच पोर्टवर नुसत्या सेटिंगने मिळू लागले. स्लॉट मोजायचे कारण संपले. राउटर घेणाऱ्याच्या हाती उरला तो तपशीलपत्रकातला वेगाचा आकडा, आणि तो बहुतेकदा मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो.