लॅपटॉपमधली ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडत नसेल तर

शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की बजाजनगरात आमच्या घरी लॅपटॉप यायला लागतात. वाळूज एमआयडीसीच्या कामगारांची ही वसाहत. नवा लॅपटॉप सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे येतात ते बरेचसे सेकंडहँड. यंदा शेजारच्या खालांचा मुलगा आला. म्हणाला, “मॅडम, ती निळी ढाल दाबली की खिडकी येते आणि लगेच जाते. जाऊ द्या ते, फॉर्म तेवढा भरून द्या.” त्याच लॅपटॉपमध्ये अम्मीचं बँक खातं, सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला. मी म्हटलं, फॉर्म थांबेल, आधी ढाल बघू.

एक गोष्ट आधी समजून घ्या. ‘विंडोज सिक्युरिटी’ ही फक्त खिडकी आहे. खरा पहारेकरी ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’, तो मागे काम करतो. खिडकी अडकली म्हणून पहारेकरी झोपला असं नाही. पण कधी कधी कुणीतरी पहारेकऱ्यालाच बांधून ठेवलेलं असतं. ओळखायचं कसं? स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस सर्व्हिस’ आणि ‘सिक्युरिटी सेंटर’ यांच्यासमोर ‘रनिंग’ लिहिलेलं असेल तर बिघाड बहुधा खिडकीचाच. तुम्ही क्विक हीलसारखा दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल तर डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, ती खराबी नाही. मात्र तेव्हाही विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडलीच पाहिजे.

खिडकीचा बिघाड असेल तर आधी लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाऊन’ नको. शट डाऊन केल्यावर विंडोज पुष्कळदा अर्धवटच बंद होतं आणि जुनी अडचण तशीच परत येते. मग विंडोज अपडेट पूर्ण करून घ्या. तरी नाही उघडलं तर स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘ॲप सेटिंग्ज’मध्ये जा. तिथे खाली ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बटणं आहेत. आधी रिपेअर, नाही जमलं तर रीसेट. तुमचे फोटो, फाइली यांना हात लागत नाही. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये. त्यात काहींना ‘ही विंडोज डिफेंडर लिंक उघडायला नवं ॲप लागेल’ अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज दिसतो. तो पाहून कुठलंही नवं ॲप शोधायला जाऊ नका. तिथेही रीसेटच करून बघायचं.

त्यानंतरचा उपाय म्हणजे विंडोजच्या फाइली तपासणं. स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. इंग्रजीत एस-एफ-सी ही तीन अक्षरं, मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ, आणि तिला लागूनच ‘स्कॅन’ व ‘नाऊ’ हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता टाइप करा. एंटर दाबा आणि चहा ठेवा, वेळ लागतो.

आता खरं दुखणं. घरच्या लॅपटॉपवर ‘तुमच्या आयटी ॲडमिनिस्ट्रेटरने या ॲपचा काही भाग बंद केला आहे’ असा मेसेज आला तर विचारा, आपल्या घरात हा ॲडमिनिस्ट्रेटर आला कुठून? एक शक्यता साधी आहे. लॅपटॉप आधी एखाद्या कंपनीचा होता आणि विकताना तिचे नियम काढायचे राहिले. दुसरी शक्यता आपण स्वतः ओढवून घेतलेली असते. फुकटात विंडोज चालू करून देणारे ‘ॲक्टिव्हेटर’ पहिलं काम करतात ते ढाल बंद करण्याचं. आम्हा उर्दूवाल्यांनी तर कबूलच करावं, इनपेजच्या क्रॅक कॉप्या पेनड्राइव्हवरून किती फिरल्या! ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना आपण मुकाट पाळतो, आणि त्या फाइलीबरोबर आणखी काय आत आलं ते विचारत नाही. काही व्हायरसही आत शिरल्यावर आधी ढालच पाडतात.

अशी शंका असेल तर त्या लॅपटॉपवर बँकेचं काम पूर्ण थांबवा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत एम-आर-टी टाइप करा. मायक्रोसॉफ्टचं सफाईचं साधन त्यात आधीपासूनच असतं, त्यातून ‘फुल स्कॅन’ करा. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवून पेनड्राइव्हने आणता येतो. तो दहा दिवसच चालतो, नंतर पुन्हा ताजा घ्यावा लागतो. सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही २०१७ पासून अशी साधनं फुकट देतं.

गूगलवर उपाय शोधताना अचानक भोंगा वाजून ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. कुणी फोन करून बसलं आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा.

विंडोज १० वाल्यांसाठी आणखी एक. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती पुढेही मिळत राहणार आहे, पण विंडोजमधली भोकं बुजवायला आता वेगळी नोंदणी लागते.

खालांच्या मुलाकडे तोच ॲडमिनिस्ट्रेटरवाला मेसेज निघाला. विकणाऱ्याने ॲक्टिव्हेटर टाकून दिला होता, त्याचे वेगळे पैसेही घेतले होते. गंमत म्हणजे ब्रँडेड लॅपटॉप विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट आलेला असेल तर त्याचं लायसन्स बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असतं. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होमच, नव्याने टाकली की इंटरनेट जोडताच ती आपोआप चालू होते. आम्ही फोटो आणि दाखले बाहेर काढले, डिस्क पुसली, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज टाकलं. ढाल उघडली. बाहेर काढलेल्या फाइली आधी स्कॅन केल्या, मगच परत आत घेतल्या. अम्मीच्या बँकेचा पासवर्ड तोपर्यंत माझ्या फोनवरून बदलून झाला होता. फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला.